रोज कामाला बसायचं कसं? (प्रवचन नको, पद्धत सांगा)

अर्धवट_वही
मंडळी, प्रश्न सरळ आहे. साडेनऊ ते साडेसहा नोकरी इंदूरच्या विजयनगरला, घर सुदामानगरला, रात्री जेवून राज्यसेवेचा अभ्यास. कागदावर रोज दोन तास आहेत. प्रत्यक्षात आठवड्यातून दोनदा बसणं होतं, त्यातला एक दिवस टेबल आवरण्यात जातो. वेळापत्रकं करून झाली. प्रेरणेचे व्हिडिओही पाहून झाले. व्हिडिओ संपतो आणि त्याच्याबरोबर ऊर्मीही. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मन लागत नसताना बसायचं कसं? आणि हे सगळं कशासाठी, हा प्रश्न रात्री अकराला डोकं वर काढतो, त्याचं काय करायचं? "इच्छाशक्ती वाढवा" एवढं कृपा करून लिहू नका.

पोहे_कमी_शेव_जास्त
भिया, चूक "रात्री जेवून" इथेच आहे. दाल-बाफले हाणून खुर्चीत बसलेला माणूस अभ्यासाला बसलेला नसतो, पेंगायला बसलेला असतो. बाकी जाणकार येतीलच.

पाटी_पेन्सिल
शेव, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण आधी मुळातलं सांगते.

"मन लागलं की बसेन" हा क्रमच उलटा आहे. नैराश्याच्या उपचारांत वर्तन-सक्रियण नावाची एक पद्धत आहे. तिचा पाया इतकाच, की आधी हालचाल करायची, उत्साह मागून येतो. ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला "आधी उत्साह आण" असं कोणी सांगत नाही; "दहा वाजता गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घाल" असं सांगतात. धडधाकट माणसाच्या चालढकलीलाही हीच मात्रा लागू पडते.

म्हणून बसायचं की नाही हा निर्णय रोज घ्यायचाच नाही. एकदाच घ्यायचा, तोही जर-तरच्या वाक्यात. पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं. नुसता संकल्प करणाऱ्यांपेक्षा "अमुक झालं की तमुक करीन" असं आधी ठरवून ठेवणारे लोक ते काम जास्त वेळा पार पाडतात, असं त्यातून दिसलं. वाक्यात तीन गोष्टी हव्यात: रोज न चुकता होणारी एक कृती, जागा, आणि नंतरची पहिली हालचाल. उदाहरणार्थ, "घरी आल्यावर चहाचा कप बेसिनमध्ये ठेवला, की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वहीत तारीख टाकीन." घड्याळातली वेळ घालू नका. पलासियाला गाडी अडकली की साडेसातचे आठ होतात, आणि "आज वेळ चुकली, आता उद्याच" म्हणायला मन टपलेलंच असतं. कप मात्र आठ वाजताही बेसिनमध्येच जातो.

पहिली हालचाल दोन मिनिटांत संपणारी हवी. तारीख टाकणं, पुस्तक ठरलेल्या पानावर उघडणं. "दोन तास अभ्यास" ही हालचाल नाही, ते ओझं आहे.

यात लोक हमखास कुठे चुकतात तेही सांगते. एक म्हणजे खूणच अशी निवडतात, जी रोज घडत नाही ("ऑफिसातून लवकर सुटलो की"). दुसरी चूक हावरेपणाची: त्याच कपाला व्यायाम, ध्यान आणि अभ्यास तिन्ही बांधतात. मग व्यायाम चुकला की पुढचं सगळं कोसळतं. एका खुणेला एकच काम बांधा.

अर्धवट_वही
हे करून बघतो. पण किती दिवस? एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात ना?

पाटी_पेन्सिल
त्या एकवीस दिवसांनी फार माणसं बुडवली. १९६० साली एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने असं निरीक्षण नोंदवलं, की नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना कमीत कमी एकवीस दिवस लागतात. सांगता सांगता "कमीत कमी" गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला, २०१० साली छापून आलेला अभ्यास जास्त कामाचा. ९६ लोकांनी रोजची एकेक साधी कृती निवडली होती. ती अंगवळणी पडायला मध्यम आकडा ६६ दिवस निघाला, पण पल्ला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. पेलाभर पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर जमते, व्यायामासारखी उशिरा. त्यातला दिलासा असा, की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर बिघडलेलं काही नसतं.

शिफ्ट_बी
पीथमपूरच्या कारखान्यातल्या शॉप फ्लोअरवरून थोडं. तिथे प्रेरणा कोणी विचारत नाही, मशीन का थांबलं एवढंच विचारतात. तीच पद्धत टेबलावर आणा.

पहिलं, कामाचा तुकडा. "इतिहास करणे" हा जॉब नाही. "मराठा राज्यकारभार, पान ४१ ते ४८, शेवटी पुस्तक मिटून पाच प्रश्नांची उत्तरं" हा जॉब. कुठून सुरू, कुठे संपतो आणि संपल्याची खूण काय, हे तिन्ही दिसलं पाहिजे. संध्याकाळला असे दोनच लिहा, फार तर तीन. आधी आठवडाभर प्रत्येक तुकड्याला खरोखर किती मिनिटं लागली ते मांडा आणि नंतर त्या आकड्यावर बेत करा. लोक बेत मनातल्या वेगावर करतात, तो वेग माणसाचा नसतो. मोजायचं नसेल तर अंदाजाला दीडने गुणा.

दुसरं, थांबा-नोंद. कारखान्यात तिला डाउनटाइम म्हणतात. काम दहा मिनिटांहून जास्त थांबलं की वहीच्या समासात एक अक्षर: 'फ' फोन, 'झ' झोप, 'मा' घरातली माणसं, 'अ' विषय अडला, 'सु' सुरुवातच झाली नाही. समोर मिनिटं. स्वतःला शिव्या देणारं एक वाक्य लिहायचं नाही. कारण लिहा, दोष लिहू नका. ऑपरेटरला ओरडा बसेल असं वाटलं की तो खोटं कारण लिहितो आणि रजिस्टर वाया जातं, इथेही तेच होतं. चौदा दिवसांनी बेरीज मारा. बहुतेक वेळा एकदोन अक्षरंच निम्म्याहून जास्त वेळ खातात. त्यातलं सगळ्यात मोठं तेवढंच दुरुस्त करायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही. 'अ' मोठं निघालं तर तुम्ही आळशी नाही, पुस्तक चुकीचं आहे किंवा शिकवणारा हवा आहे. 'सु' मोठं निघालं तर ताईंनी सांगितलेली खूण बदला.

तिसरं, हँडओव्हर. शिफ्ट संपताना पुढच्यासाठी मशीन तयार ठेवून जातात. रात्री उठताना उद्याचं पान उघडं, पहिला प्रश्न लिहिलेला, नको ती पुस्तकं कपाटात. याला पाच मिनिटं लागतात. तुमचं टेबल आवरण्यात जे दोन तास जातात ना, ते या पाच मिनिटांचं व्याज आहे.

पोहे_कमी_शेव_जास्त
आणि चार रंगांच्या पेनांनी वेळापत्रक रंगवणारे? त्यांचं नमनालाच घडाभर तेल.

शिफ्ट_बी
रंगवू द्या. पण ती मिनिटं 'सु' मध्ये धरा, अभ्यासात नाही.

अर्धवट_वही
पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी करून पाहिलं होतं. सुट्टी पाचाची चाळीस होते.

पाटी_पेन्सिल
ते तंत्र १९८० च्या दशकाअखेर फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने काढलं. त्याने स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर वापरला. त्याचा टायमर फोनमध्ये नव्हता, मुद्दा तिथेच आहे. आपण घंटी बंद करायला फोन हातात घेतो आणि फोन आपल्याला सोडत नाही. चावीचा टायमर आणा, नाहीतर साधं गजराचं घड्याळ. फोन उलटा करून टेबलावर नको, दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. सुट्टीत उभं राहायचं, पाणी प्यायचं, गॅलरीत जाऊन यायचं. जिला स्वतःचा शेवट नाही अशी कोणतीच गोष्ट सुट्टीत सुरू करायची नाही. रील्सना शेवट नसतो. पाण्याचा पेला संपतो.

गणितं किंवा दीर्घोत्तरी लिखाण असेल तर पंचवीस मिनिटं तोकडी पडतात, रंग चढतो तोच घंटी होते. तिथे पन्नास-दहा ठेवा.

खर्जातला_सा
गाण्याच्या बाजूने एक हिशेब देतो, अभ्यासालाही लागू पडेल.

इंदूरचे उस्ताद अमीर खाँ मेरुखंडासाठी ओळखले जातात. मेरुखंड म्हणजे ठराविक स्वरांची जेवढी म्हणून उलटापालट शक्य आहे ती सगळी घोटणं. तीन स्वरांच्या ६, चार स्वरांच्या २४, पाचांच्या १२०, साती स्वरांच्या ५०४०. आता लय मिनिटाला ६० मात्रांची धरा, मात्रेला एक स्वर. साती स्वरांचा पूर्ण मेरुखंड एकदा म्हणायला ३५,२८० मात्रा लागतात, म्हणजे ९ तास ४८ मिनिटं. हा आकडा ऐकून कोणाचाही तंबोरा खुंटीला लागेल. पण चार स्वरांचे २४ प्रकार म्हणजे ९६ मात्रा, तीनतालाची बरोबर सहा आवर्तनं, १ मिनिट ३६ सेकंद. पाच स्वरांचे १२० प्रकार घेतले तर ६०० मात्रा, नेमकी दहा मिनिटं. रियाज या दहा मिनिटांचा करायचा. ५०४० हा आकडा डोक्यात असावा, पण बसताना समोर नसावा.

शिकणाऱ्यांचं दोन ठिकाणी बिघडतं. लय आधी वाढवतात, त्यामुळे चुकीचा स्वर पक्का बसतो आणि तो काढायला दुप्पट वेळ जातो. आणि जे येतं तेच रोज गातात. कानाला बरं वाटतं, म्हणून त्याला रियाज समजतात. तुमच्या भाषेत, वाचलेलं प्रकरण पुन्हा अधोरेखित करणं हा तोच प्रकार. बैठकीच्या पहिल्या एकतृतीयांश वेळात न येणारं घ्या, तेव्हा डोकं ताजं असतं. येणारं शेवटी घ्या म्हणजे उठताना तोंड कडू होत नाही.

पोहे_कमी_शेव_जास्त
तोंड गोड करायचं तर बक्षीस ठेवा की. पन्नास पानं झाली की सराफ्याची खाऊगल्ली.

पाटी_पेन्सिल
बक्षिसाचं जपून. १९७१ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली आणि काहींना त्याचे पैसे दिले. पैसे थांबल्यावर त्या गटाने मोकळ्या वेळात कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावला. ज्या कामात मुळात रस आहे, त्याला "हे केलंस तर ते देईन" अशी बोली लावली की रस पातळ होऊ शकतो. ज्यात रस नाहीच, फाइल लावणं किंवा आकडे चढवणं, तिथे बक्षीस खुशाल ठेवा. आणि सराफा रंगतो रात्री, सोन्याचांदीच्या पेढ्यांची शटरं पडल्यावर. तिथून बारा वाजता परतलेला माणूस दुसऱ्या दिवशीचाही अभ्यास खाऊन येतो.

नाडी_बघतो
मंडळी सवयीवर सवयी लावताहेत, शरीराचं कोणी विचारलं नाही. तीन-चार आठवडे पुरेशी झोप घेऊनही थकवा जात नसेल तर आधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ आणि साखर. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता पुष्कळ आढळते, आणि तिची लक्षणं बाहेरून आळसासारखीच दिसतात: गळाठा, विसरभोळेपणा, हातापायांना मुंग्या. घोरणं जोरात असेल आणि दिवसा डुलक्या येत असतील तर तेही दाखवा. गोळ्या मनाने सुरू करू नका.

पाटीताई, तुमच्या कपावर माझी हरकत आहे. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. साडेसातच्या चहातलं निम्मं साडेबारालाही अंगात असतं. माणसं सगळी सारखी नसतात, पण रात्री अकराला "कशासाठी" असले प्रश्न पडणाऱ्याने संध्याकाळचा चहा बंद करून पाहावा. खूण म्हणून हातपाय धुणं घ्या. जेवण अभ्यासानंतर, हलकं. भूक लागली तर आधी मूठभर फुटाणे.

आणि एक गंभीर. उदासी, कशातच गोडी न वाटणं, झोप-भूक बिघडणं, आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं, हे दोन आठवडे जवळजवळ रोज असेल, तर तो प्रेरणेचा प्रश्न नाही, आजाराचा असू शकतो. डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनाशुल्क आहे आणि दिवसरात्र चालतो.

पाटी_पेन्सिल
हरकत मान्य. कप रद्द, हातपाय.

रेसिडेन्सी_कट्टा
सगळं वाचलं. पद्धती उत्तम आहेत, पण धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न तुम्ही सगळ्यांनी पद्धतशीर टाळलात. "कशासाठी" हे ठरल्याशिवाय खुर्ची, टायमर, समासातली अक्षरं, सगळं निर्जीव आहे.

(अहिल्याबाईंचं उदाहरण देत नाही. ते या शहरात प्रत्येक सत्कारात देऊन होतं.)

अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ घ्या. हुकूमचंद ही कापड मिल १९९१ साली बंद पडली, बाकीच्या मिलचे भोंगेही थांबले. तरी त्या मिलच्या नावाने झांक्या अजून निघतात. मिल नाही, हजेरी नाही, पाळी नाही. वर्गणी जमवायची, सांगाडे बांधायचे, हलती चित्रं बसवायची, हे सगळं कशाच्या जोरावर चालतं? रस्त्याच्या दोन्ही कडांना रात्रभर लोक उभे राहणार आहेत म्हणून. कामाला बघणारा लागतो, घेणारा लागतो.

यावर प्रयोगही झालेला आहे. अमेरिकेत एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणारे कर्मचारी होते. अॅडम ग्रँट या संशोधकाने त्यांतल्या काहींची त्याच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी जेमतेम पाच मिनिटं गाठ घालून दिली. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता. पगार तोच, खुर्ची तीच.

तेव्हा "जीवनाचं ध्येय" वगैरे मोठ्या अक्षरांत लिहू नका. एका ओळीत माणूस लिहा. "प्रशासनात जाऊन समाजसेवा" ही ओळ पोकळ आहे. "तहसिलीत फेरफाराच्या नोंदीसाठी चौथ्यांदा आलेला म्हातारा" ही भरीव. महिन्यातून एकदा त्या माणसासमोर जाऊन उभं राहायचं. एखाद्या सरकारी कचेरीच्या बाकावर अर्धा तास बसून नुसतं पाहा.

शिफ्ट_बी
कट्टा, आदर ठेवून सांगतो, पटलं नाही. झांकी वर्षातून एका रात्री, अभ्यास रोज. तारीख आणि गर्दी असेल तर कोणीही राबतो. उरलेल्या दिवसांना गर्दी कुठून आणायची?

तुमच्याच शहराचं दुसरं उदाहरण घ्या. २०१७ पासून स्वच्छतेत अव्वल. लोकांना अचानक स्वच्छतेचा साक्षात्कार झाला का? रस्त्यावरच्या कचरापेट्या उचलल्या, गाडी रोज गाणं वाजवत दारात येऊ लागली, ओला-सुका वेगळा नसेल तर घेईना, रस्त्यावर टाकला तर दंड. गाणं ऐकू आलं की हात आपोआप डब्याकडे जातो. अभिमान त्यानंतर आला, आधी नाही. आणि आता तो अभिमान सवयीला धरून ठेवतो, एवढं मान्य.

रेसिडेन्सी_कट्टा
गाडीच्या मागे राबणारे सफाई कामगार तुमच्या हिशेबात कुठे आहेत? त्यांना कोणतं गाणं उठवतं?

शिफ्ट_बी
हाजिरी आणि पगार. माझ्या बाजूचाच मुद्दा झाला.

रेसिडेन्सी_कट्टा
अर्धाच झाला. नुसत्या हजेरीने कोपरा झाडला जातो, पण कोपऱ्यातला कोपरा झाडला जात नाही.

खर्जातला_सा
तुम्ही दोघे मेरुखंड करताय, तेच चार स्वर उलटेसुलटे. माझ्या मते पहिले दोन महिने शिफ्टचं ऐकावं, कारण रोज बसल्याशिवाय हे काम आपलं आहे की नाही तेच कळत नाही. नंतर कट्ट्याचं. उलटं केलं तर माणूस ध्येय शोधत फिरतो आणि गळा तसाच राहतो. एक मात्र खरं, आठवड्यातून एकदा कोणाला तरी ऐकवायचं. एकट्याच्या खोलीत सगळेच सुरेल असतात. तुम्ही रविवारी एखाद्या जोडीदाराला आठवड्यातला एक विषय दहा मिनिटांत समजावून सांगा. जिथे अडखळाल ते सोमवारचं काम.

माळवी_मिरची
मध्येच विचारते. फिरत्या पाळीची नोकरी असेल तर? एक आठवडा सकाळ, एक रात्र. कसली खूण नि कसलं काय.

नाडी_बघतो
पाळी बदलली तरी झोपेतून उठणं दर दिवशी आहेच. खूण "उठल्यावर पहिलं खाणं झालं की" अशी ठेवा, मग ते सकाळी सातला असो की दुपारी तीनला. रात्रपाळीच्या आठवड्यात तुकडे निम्मे. रात्रपाळीहून आल्यावर अभ्यास नको, आधी खोली काळोखी करून झोप. पाळी बदलण्याच्या दिवशी काहीच लिहू नका, तो दिवस शरीराला द्या.

अर्धवट_वही
सगळ्यांचं जमवून हे केलं आहे. चुका काढा.
खूण: घरी येऊन हातपाय धुतले की खिडकीजवळची खुर्ची. फोन स्वयंपाकघरात.
दोन तुकडे, पन्नास-दहा. आधी न येणारा विषय.
समासात फ, झ, मा, अ, सु. चौदा दिवसांनी बेरीज.
रविवारी मित्राला दहा मिनिटं.
वहीच्या पहिल्या पानावर कट्टाकाकांनी सांगितलेली एक ओळ.
रोज पहाटे पाचला उठून चालू घडामोडी.
रंगपंचमीला सुट्टी.

पाटी_पेन्सिल
पहाटे पाच खोडा. अकराला झोपणाऱ्याला पाचला उठवलं तर झोप सहा तासांवर येते, आणि आठवड्यात समास 'झ' ने भरून जाईल. चालू घडामोडी जेवणाच्या सुट्टीत, पंधरा मिनिटं. रंगपंचमीची सुट्टी अवश्य, गेर (त्या दिवशीची रंगांची मिरवणूक) बुडवून कोणी अधिकारी झालेला नाही. पण दुसऱ्या दिवशी काय, तेही आजच लिहा: एकच तुकडा, पंचवीस मिनिटं. सणानंतर बुडालेलं सगळं एका दिवसात भरून काढायला जातात, तिथेच साखळी तुटते.

रेसिडेन्सी_कट्टा
ओळीत माणूस लिहिला का, की पुन्हा "समाज"?

अर्धवट_वही
माणूस. इथे लिहीत नाही.

रेसिडेन्सी_कट्टा
बरोबर आहे. लिहू नकोस.

शिफ्ट_बी
हँडओव्हर विसरलास. रात्री उठताना वही उद्याच्या पानावर उघडी, पेन टोपण काढून आडवं ठेवलेलं. बसलं की थेट हात चालला पाहिजे.

खर्जातला_सा
टोपण काढून चोवीस तास ठेवलं तर जेल पेनाचं निब वाळतं. बॉलपेन ठेव.